संथ पाण्यात हरलेली फळी

मित्रांनो, मी उभं राहून वल्हवायची एक जुनी फळी आहे. दुकानात मला पॅडलबोर्ड म्हणतात. हल्ली मात्र मी कारखान्याच्या दाराशी दोन विटांवर आडवी पडलेली असते आणि लोक माझ्यावर बसून ओले बूट काढतात.

याच कारखान्यात होड्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराने मला घडवलं. फोमचा गाभा तासला, वर फायबरचे थर चढवले, तळहात सोलवटेपर्यंत घासलं. वारा पाठीशी घेऊन लाटांवरून घसरत जायचं, हे माझं काम. म्हणून माझं नाक वर उचललेलं आहे. मागची लाट ढकलते तेव्हा ते पुढच्या लाटेत घुसत नाही. त्याच्या लेकीला भर वाऱ्यातली शर्यत जिंकायची होती आणि बापाला ती धडधाकट परत यायला हवी होती.

माझ्या जोडीला त्याने आणखी एक केली, सरळ नाकाची, अरुंद, संथ पाणी कापत पळणारी. त्याच्या पुतण्याची एक होती, आखूड, पोटाखाली पंख असलेली. वेग आला की ती पाण्याच्या वर उचलली जाते, पण तिच्यावर तोल शिकेपर्यंत नाकी नऊ येतात, म्हणून तिचा विचार सोडला. नेमका शर्यतीआधी वारा पडला. मग बापलेकीने आम्हा दोघींची परीक्षा धक्क्याच्या आतल्या संथ पाण्यात घेतली. व्हायचं तेच झालं. सरळ नाकाची सरसर पुढे गेली आणि मी पाणी ढकलत मागे राहिले.

लेक म्हणाली, "बाबा, ही फार जड चालते. मी दुसरी नेते."

ही परीक्षा खोटी आहे, हे कारागिराला पक्कं ठाऊक होतं. पण लेकीचा हिरमोड करणं त्याच्या जिवावर आलं. "ने तुला आवडेल ती," एवढंच तो बोलला. मला तेव्हा त्याचा राग आला, आजही येतो. माणसं तोंडात गुळणी धरून बसतात आणि वर त्याला माया म्हणतात.

शर्यतीच्या दिवशी वारा सुटला. मागून लाट आली, सरळ नाक पुढच्या लाटेत रुतलं आणि लेक फळीवरच आदळली. खांद्याचं हाड मोडलं. खांदा बरा झाला म्हणतात, पण तो हात डोक्यापर्यंत जात नाही. कारागिराने फळ्या करणं सोडलं. कोणी विचारलं तर कंबर धरते म्हणतो.

परवा तो धीर करून लेकीला म्हणाला, "खरं तर तेव्हा हीच न्यायला हवी होती."

लेक शांतपणे म्हणाली, "हे तेव्हा सांगायला हवं होतं तुम्ही."

मित्रांनो, मला पुसा, सावलीत ठेवा, असलं काही मी मागत नाही. फळी ज्या पाण्यात न्यायची, त्याच पाण्यात ती पारखा. आणि आपल्या माणसाचं काही चुकताना दिसलं, तर त्याचा रुसवा पत्करा, पण बोला. रुसवा दोन दिवसांत जातो. आमच्या घरी त्या एवढ्या मोठ्या मुलीची वेणी अजून तिची आई घालते.