दोन दारांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी डिस्कपेटी आहे. रोडोपीच्या डोंगरातल्या एका खाणगावाच्या इस्पितळात मी राहते. माझ्या पोटातल्या डिस्कवर माणसांच्या छातीचे एक्स-रे आहेत. आहेत म्हणते खरी, पण त्यातले बरेचसे होते, असंच म्हणायला हवं.

हंगेरीतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून ट्रकमध्ये हिंदकळत मी इथं आले आणि एक्स-रे विभागामागच्या थंड खोलीत मला बसवलं. शेजारी सर्व्हर होता. त्याने फोटो मागायचा आणि मी द्यायचा, असा आमचा संसार. आमच्यामध्ये दोन तारा होत्या. एक तुटली तरी दुसरीने काम चालावं, म्हणून दोन. घर एक आणि दारं दोन, असं समजा. ही दोन्ही दारं एकाच घराची आहेत, हे सर्व्हरला सांगायला त्याच्यात मल्टिपाथ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम होता. त्याचं काम तेवढंच.

एकदा पाइप दुरुस्त करणाऱ्याच्या शिडीखाली माझी एक तार चिरडली. भिंतीपलीकडे डॉक्टर एवदोकिया फोटो बघत होत्या. त्यांना पत्ताही लागला नाही. इस्पितळाचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या वेलिझारने नवी तार जोडली आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"शाबास, म्हातारे! हूं की चूं केलं नाहीस."

त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

मित्रांनो, आमच्या गावात शिशाची खाण आहे. तिथली धूळ छातीत बसते ती बसतेच. म्हणून खाणवाले दर वर्षी छातीचा फोटो काढतात आणि डॉक्टर नवा फोटो जुन्याशेजारी ठेवून बघतात. जुना डाग जसाच्या तसा असेल, तर माणूस घरी जातो. नवा डाग उगवला असेल, तर प्लोव्हदिव्हच्या मोठ्या इस्पितळात जातो, शस्त्रक्रियेसाठी. माणूस कुठल्या वाटेने जाणार, हे माझ्यावर ठरायचं.

त्या हिवाळ्यात बर्फाने विजेचे खांब पाडले. वीज गेली आणि आम्ही सगळे गप्प झालो. वीज परतली तेव्हा सर्व्हर उठला, मी उठले, पण मल्टिपाथ उठला नाही. काही दिवसांपूर्वी सर्व्हरमध्ये बदल करताना, आपोआप चालू होण्याची त्याची खूण निघून गेली होती. सर्व्हरने पडद्यावर तसं लिहिलंही. तो पडदा कोणी पाहिला नाही.

आता सर्व्हरला माझ्या दोन दारांमागे दोन वेगळी घरं दिसू लागली. एका घरात माणसं नांदत होती. दुसरं त्याला बिनमालकाचं वाटलं.

नेमकी तेव्हाच माझ्यातली जागा संपत आली होती. नवे फोटो ठेवायचे कुठे, म्हणून वेलिझार हैराण होता. सकाळी हातात चीज घातलेल्या बनित्साचा तुकडा घेऊन तो पडद्यासमोर बसला आणि एकदम ओरडला.

"डॉक्टरबाई! एक अख्खी डिस्क रिकामी पडलीय इथं! कोणाला माहीतच नव्हतं!"

"खरंच की काय? मग आज तुला माझ्याकडून कॉफी," भिंतीपलीकडून एवदोकिया म्हणाल्या.

सर्व्हरने वेलिझारला विचारलं, 'यावर आधीचं काहीतरी आहे. तरी पुसू?'

"कारखान्यातलं काहीतरी राहिलं असेल," वेलिझार स्वतःशीच पुटपुटला आणि त्याने 'हो' म्हटलं.

मित्रांनो, ते कसं सांगू? एका दारातून माझ्याकडे फोटो मागत होते आणि दुसऱ्या दारातून मलाच पुसत होते. ओरडायला मला तोंड नाही. माझे दिवे हिरवेच होते.

भयंकर गोष्ट ही, की काहीच बिघडलं नाही. कुठला फोटो कुठे ठेवलाय, ते सर्व्हरला पाठ होतं. तो मागत राहिला, मी देत राहिले. पण नवे फोटो दुसऱ्या दाराने येऊन जुन्यांच्या जागेवर बसत होते. नाव एकाचं, छाती दुसऱ्याची. सगळं इस्पितळ निर्धास्त होतं.

मग दोब्रीकाका आले. खाणीत हयात घालवलेला माणूस. खोकल्याची ढास लागली होती. एवदोकियाबाईंनी त्यांचा नवा फोटो काढला आणि जुना मागवला. मी दिला. तो दोब्रीकाकांचा नव्हता, हे मला कळत होतं.

"काका, बसा जरा," बाईंचा आवाज उतरला. "मागच्या फोटोत छाती स्वच्छ आहे. आता डागच डाग दिसतायत. एका वर्षात एवढे वाढलेत म्हणजे... उद्याच प्लोव्हदिव्हला निघायचं. उजवीकडचा भाग काढावा लागेल बहुतेक."

"स्वच्छ? माझी छाती?" काका हसले आणि खोकले. "मग रकियाच्या दारूने धुऊन निघाली असेल, डॉक्टरबाई! आमची बायको उगाच रागावते."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी जुना फोटो माझ्याकडून पुन्हा मागवला.

"काका, तुमची बरगडी कधी मोडली होती हो?"

"ती? लग्नाच्याही आधी. खाणीतली गाडी अंगावर आली तेव्हा. का?"

"कारण मागच्या वर्षीच्या या फोटोत ती अख्खी आहे."

वेलिझार धावत आला. "नाव चुकीचं टाकलं असेल कोणीतरी," तो म्हणाला. बाईंनी दुसऱ्या माणसाचा जुना फोटो उघडला. त्यात एका लहान मुलीची छाती होती.

मित्रांनो, प्रत्येक डिस्कला जन्माचा एक क्रमांक असतो. ती कुठल्याही दाराने आली तरी तो बदलत नाही. वेलिझारने पहिल्या दारातून माझा क्रमांक विचारला. मी सांगितला. मग दुसऱ्या दारातून विचारला. मी तोच सांगितला. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तोच सांगितला.

"एकच आहे," तो म्हणाला. "डॉक्टरबाई, दोन नाहीत. एकच आहे. मी आपल्याच डिस्कवर... बंद करा. सगळं बंद करा!"

"काकांना मी उद्या गाडीत बसवणार होते, वेलिझार," बाई एवढंच म्हणाल्या.

फोटोंची एक प्रत दुसऱ्या गावी होती, तीत दोब्रीकाकांचा खरा जुना फोटो सापडला आणि त्यांचे डाग जुनेच निघाले. ते औषध घेऊन घरी गेले. ती प्रत परत आली, पण तीत उन्हाळ्यापर्यंतचेच फोटो होते. त्यानंतरचे गेले ते गेलेच. वेलिझारने सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली, मल्टिपाथला जागं केलं आणि त्याची खूण जागेवर बसवली. आता रोज तो एकेकाला फोन करतो, "पुन्हा फोटोला या." पुष्कळजण आले. काहीजण कामासाठी स्पेनला, जर्मनीला निघून गेलेत. त्यांच्यापैकी कोणाच्या छातीत नवा डाग होता? मला विचारू नका. पुसलेलं मला आठवत नाही.

मित्रांनो, एखादी गोष्ट रिकामी आहे, बिनमालकाची आहे, असं वाटलं, तर पुसण्याआधी तिला तिचं नाव विचारा. आणि ज्या दारात तुम्ही नेहमी उभे राहता, तेवढ्याच दारातून विचारू नका.

आताही भिंतीपलीकडे वेलिझारने कोणाचा तरी नंबर लावलाय. फोन वाजतोय. अजून कोणी उचलत नाही.