चालली म्हणून नाकारली

मित्रांनो, मी एक जुना कॅलिपर आहे, आता कोणाच्याच मापाचा न उरलेला. दोन पोलादी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि गुडघ्यापाशी एक खटका, एवढाच माझा देह. ठकूच्या लुळ्या पायाचं माप घेऊन कारागिराने मला घडवलं.

माझ्या आधाराने ठकू उभी राहिली, चालली, शाळेच्या रांगेत घुसून भांडूही लागली. तिचे बाबा म्हणत, आता हिला आवरायलाच एक माणूस ठेवावा लागणार. पण ठकू वाढली आणि मी तेवढाच राहिलो. माझी कड तिच्या मांडीत रुतायची. मला सोडलं की तिची आई तिथे मलम लावायची, आणि माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. नवा कॅलिपर सरकारकडून मिळणार होता, त्याआधी तपासणी.

ठकूला वाटलं, ही परीक्षाच आहे. तिने घरभर येरझारा घालून सराव केला. तपासणीच्या दिवशी टेबलामागच्या साहेबांनी चालायला सांगताच पोर अशी ऐटीत चालली, की मीही फुशारलो.

"चालतेय की छान. हिला कशाला हवी मदत?"

"साहेब, ती त्या कॅलिपरमुळे चालतेय. आणि तो तिला लहान होतोय," आई म्हणाली.

"पण आहे ना? मग झालं तर. पुढचे कोण?"

मी राबलो, ते माझ्याच पोरीच्या विरोधात पुरावा म्हणून.

फेरतपासणीला आईने मला दाराबाहेरच्या बाकावर काढून ठेवलं आणि ठकूला कडेवर घेऊन ती आत गेली. दार अर्धवट उघडं होतं. ठकूचा आवाज आला, "माझा कॅलिपर बाहेर आहे, आणू का?" कोणीतरी हसलं. तशीच चाल, म्हणालं. मग धपकन आवाज झाला आणि पाठोपाठ शिक्का बसल्याचा.

ठकू आईच्या कडेवर बाहेर आली ती फुटलेला ओठ घेऊन. "आई, मी नापास झाले ना गं?"

"नाही गं बाई. आज पास झालीस," आई म्हणाली. मला बांधताना तिला पट्ट्याचं भोक सापडेना.

मित्रांनो, मी आता माळ्यावर आहे. मला जपा, असं माझं म्हणणं नाही. पण उद्या तुमच्यापैकी कोणी त्या टेबलामागे बसलंच, तर चालणाऱ्या मुलाला कशाने उभं ठेवलंय, तेही वाकून बघा. पोर जमिनीवर आपटल्याशिवाय ज्यांना तिचा पाय दिसत नाही, त्यांचे डोळे कोणी तपासायचे?