आढ्यावरचा आशीर्वाद

"काय नगरसेवक, चढताय की शिडीला मिठी मारून उभेच राहणार दिवसभर?" गेर्डनं टोमणा मारला. गेर्ड म्हणजे हार्मचा तीस वर्षांचा जोडीदार. रंधा जितका चाले, त्याहून जीभ जास्त चाले.

हे नगरसेवक म्हणजे हार्म ओस्टरकाम्प. अडुसष्ट वर्षांचा सुतार तो, सारा जन्म लोकांच्या छपरांवर हिंडण्यात गेलेला. शिडीचं त्याला कसलं भय! वर पोचल्यावर काय करायचं, याचं भय होतं.

आज त्याच्या मुलीच्या, टिल्डाच्या घराचं आढं बसलं होतं. आढ्याला पाइनचं छोटं झाड बांधून त्यावर रंगीत फिती सोडल्या होत्या. आता रीत एवढीच उरली होती, की मिस्त्रीनं वर जायचं, हातात पेला धरून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा घराला आणि घरधन्याला आशीर्वाद द्यायचा, पेला रिकामा करायचा आणि खाली फेकून फोडायचा. हार्मच्या बापानं तिकडे जर्मनीत हेच केलं होतं. मिसिसिपीकाठच्या या गावात हार्मनं दोनशेवर घरांना असाच आशीर्वाद दिला होता. राज्यात दारूबंदी आल्यापासून पेल्यात सफरचंदाचा रस असे, एवढाच काय तो फरक. आशीर्वाद अर्थातच जर्मनमधून.

पण साल होतं १९१८. अमेरिका जर्मनीशी लढत होती, आणि गावात ठराव लागू झाला होता. रस्त्यावर, दुकानात, चर्चमध्ये, चारचौघांत कुठेही इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही.

आणि त्या ठरावाला अनुमोदन कोणी दिलं होतं? आमच्या हार्मसाहेबांनीच! बारा वर्षं लोक त्याला निवडून देत होते, कारण तो गटारांबद्दल खरं बोले आणि कोणाच्या घराचा दरवाजा अडकला तर सभा सोडून जाई. ठराव आला त्या दिवशी सगळी सभा त्याच्याचकडे बघत होती. त्याच्या मनात आलं, मीच हात वर केला तर आपल्या माणसांवरचा संशय तरी जाईल. केला हात वर. आठ दिवसांत पाववाल्याच्या दारावर देशद्रोह्याची खूण म्हणून पिवळा रंग फासला गेला. का, तर त्यानं आपल्या म्हाताऱ्या आईला जर्मनमध्ये 'दार लाव' म्हटलं होतं. हार्मनं सभेत विषय काढला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "ठराव तुमचाच आहे ना?"

"पपा," टिल्डा जवळ येऊन हळूच म्हणाली. ती इंग्रजीतच बोलत होती. बाहेर आता तसंच बोलायला हवं होतं. "पाच आठवडे झाले, एमेटचं पत्र नाही." एमेट तिचा नवरा, अमेरिकेच्या फौजेतून लढायला गेलेला.

"येईल गं. फ्रान्सहून टपाल रखडतं."

"मला माहितीये, हे सगळं जुनंपुराणं आहे. हसा हवं तर. पण तुम्ही एकही घर असं मुकं सोडलं नाहीत. एमेटचं घर सोडू नका. तो याच छपराखाली येऊन झोपायचाय."

हार्मनं रस्त्याकडे पाहिलं. फाटकापाशी औषधवाला प्रॉक्टर वही घेऊन उभा होता. कोण कुठे काय बोलतं हे टिपायला गावानं समिती नेमली होती, तिचा तो सचिव. याच प्रॉक्टरच्या दुकानाचं छप्पर झालं तेव्हा 'ते तुमचं जर्मन काय असतं ते म्हणा हो, त्याशिवाय मला झोप नाही लागायची' म्हणून त्यानं हार्मच्या मागे लकडा लावला होता.

"आज जर्मन बोललो तर उद्या तुझ्या दाराला रंग लागेल," हार्म म्हणाला. "नवरा लढाईवर आणि बायकोच्या घरावर शत्रूचे मंत्र, असं म्हणतील."

"मग इंग्रजीत म्हणा. काहीही म्हणा, मनापासून म्हणा."

"मनापासून?" हार्म कसनुसं हसला. "पोरी, मनात इंग्रजी आहे कुठे माझ्या?"

तरी तो चढला. आढ्यावर पाय रोवून उभा राहिला. खाली कामगारांनी टोप्या काढल्या. गेर्डनंही काढली. रस्त्यावरची माणसं थांबली. प्रॉक्टरनं वही उघडून पेन्सिल धरली.

आशीर्वाद ओठांवर आलाच होता. आग, पूर, वीज या घरापासून दूर राहो. या घराचा धनी आपल्या पायांनी उंबरा ओलांडून आत येवो. सगळा पाठ, बापाच्या आवाजासकट. हार्मनं दात घट्ट दाबून तो गिळला. अरे, एका ओळीनं काय होणार होतं! पण खाली टिल्डा एकटी उभी होती, आणि घर पुरं झालं की रात्री इथे ती एकटीच झोपणार होती.

त्यानं इंग्रजी शोधायला सुरुवात केली. आयुष्यभर ती भाषा त्यानं लाकडाच्या वखारीत आणि सभागृहात वापरली होती. लाकडाची मापं आठवली. गटाराचा उतार आठवला. सुखरूप ये, हे एवढंसं त्या भाषेत कसं म्हणायचं, ते काही केल्या सुचेना. सगळे वाट बघत होते.

"अध्यक्ष महाराज," तो मोठ्यांदा, स्वच्छ इंग्रजीत म्हणाला. मग थांबला. घाम पुसला. "या घराला... माझं अनुमोदन आहे."

कोणी हसलं नाही. गेर्डनं मान खाली घातली.

हार्मनं रस प्यायला आणि पेला फेकला. पेला विटांवर पडून फुटला, अगदी रीतसर.

"छान बोललात, नगरसेवक!" प्रॉक्टरनं टाळ्या वाजवल्या आणि वही मिटून खिशात घातली. त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, हेच वाईट होतं. मग माणसं पांगली, कामगारांनी टोप्या घातल्या आणि कोणीतरी पावाची टोपली उघडली.

हार्म अजून वरच होता. उतरायला हवं हे कळत होतं, पण उतरून पोरीला तोंड कसं दाखवायचं, ते कळत नव्हतं. त्यानं खाली पाहिलं. टिल्डा जागची हलली नव्हती. दोन्ही हात छातीशी जुळवून ती वर बघत होती. बाप आता श्वास घेतोय, खरा आशीर्वाद अजून सुरू व्हायचाय, असंच तिला वाटत होतं.