मला साबणाने धुतलं, त्याची गोष्ट

मित्रांनो, समोरच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, मी टोपली नाही. मी पिंपरी पेंढार गावची जुनी कणगी आहे. माझ्या पोटात एका घराचं वर्षाचं धान्य मावत असे. टोपलीत भाजी आणतात. हा फरक पुण्यातल्या शिकल्यासवरल्या माणसांना कळू नये, याचा मला भारी राग येतो.

माझी मालकीण कुशाबाई. तिच्या सासऱ्यांनी ओढ्याकाठच्या निरगुडीचे फोक तोडून मला विणलं. पण नुसत्या विणण्याने कणगी होत नाही. शेण आणि चिकणमाती कालवून कुशाबाई मला आतून-बाहेरून लिंपायची, तेव्हा कुठे मला अंग आलं. हे लिंपण दरवर्षी, बाजरी घरात यायच्या आत नव्याने करावं लागतं. ते असलं की ना कीड शिरते ना ओल. त्या घरात मुलगी द्यायला आलेले पाहुणे आधी माझ्याकडे बघायचे. कुणी तरी हळूच पोटावर बोटं वाजवायचा, आणि भरल्या पोटाचा आवाज ऐकून सोयरिकीचं बोलणं पुढे सरकायचं. सांगा, कुठल्या टोपलीला असा मान मिळाला आहे?

पुढे पत्र्याच्या कोठ्या आल्या. नवं स्लॅबचं घर झालं आणि त्यात मला जागा उरली नाही. कुशाबाईचा मुलगा हौशीराम याने मला पुण्यातल्या एका छोट्या संग्रहालयाला दिलं. न्यायला आलेल्या माणसांनी घराण्याचं नाव लावायचं कबूल केलं. कुशाबाईने त्यांना एकच गोष्ट बजावली, दरवर्षी लिंपा. त्यांनी माना डोलावल्या.

पेठेतल्या एका गल्लीत, पूजासाहित्याच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की आमचं संग्रहालय लागतं. पुणेकरांनाही ते ठाऊक नाही. पहिली काही वर्षं मी नुसती उभी होते. मग नवे व्यवस्थापक आले. त्यांनी माझ्याजवळ येऊन नाक मुरडलं आणि या वस्तूला घाण लागली आहे, असं ठरवलं. मला गच्चीवर नेऊन साबण, ब्रश आणि पाइपाच्या पाण्याने खसाखसा धुतलं. कुशाबाईच्या हातचं सगळं लिंपण मोरीतून वाहून गेलं. वर माझ्या नशिबी पाटी आली: ‘बांबूची टोपली. देणगीदार अज्ञात.’ बांबूची नाही, टोपली नाही आणि अज्ञात तर मुळीच नाही. चार शब्दांच्या पाटीत तीन चुका करायला काय अक्कल लागते!

उघड्या फोकांत भुंगा शिरला. माझ्या पायाशी रोज पिवळा भुगा पडू लागला. यंदा व्यवस्थापकांनी मोडीत काढायच्या वस्तूंची यादी केली, तिच्यात माझं नाव वर होतं. मंगळवारी समिती येऊन सही करणार होती. माझ्या जागी फोटो काढायला रंगीत चौकट बसवायची होती.

त्याआधीच्या रविवारी शहरातली अपरिचित संग्रहालयं बघत फिरणारा एक गट आला. त्यात कुशाबाईची नात श्रेया होती. ती पुण्यातच नोकरी करते, आणि आमची कणगी बघायची म्हणून आजीला मुद्दाम घेऊन आली होती. गटाला माहिती सांगणारा तरुण म्हणाला, की पूर्वी अशा टोपल्यांत कोंबड्या डालत. सगळ्यांनी माझे फोटो काढले.

कुशाबाई मात्र माझ्यासमोर उभी राहिली ती हलेना. मग त्या तरुणाला म्हणाली, “भाऊ, हिच्यात कोंबड्या न्हाई, आमचं वर्साचं खाणं व्हतं. हिला अशी नागडी कुणी केली?”

दारावरचा पहारेकरी सावळेराम पुढे आला. तो आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडचा, डोंगरातला माणूस. मंगळवारी काय होणार, ते त्यानेच तिला सांगितलं. तिने हात पुढे केला तसा तो कसनुसा झाला. “मावशी, हात नका लावू. क्यामेरा हाय, माझी नोकरी जाईल.”

“मी न्हाई लावीत,” कुशाबाई म्हणाली. “तू लाव. मी सांगते.”

सावळेरामने एकदा क्यामेऱ्याकडे पाहिलं. मग त्याने बाह्या सरसावल्या. खालच्या दुकानात होमासाठी पाकीटबंद गोवऱ्या मिळतात, त्या श्रेयाने आणल्या आणि बादलीत भिजवल्या. गच्चीवरच्या कुंड्यांतली माती चाळून घेतली. ताज्या शेणाची सर त्याला नाही, पण काम भागलं. कुशाबाई स्टुलावर बसून सांगत होती आणि सावळेराम मला लिंपत होता. पहिले दोन हात चुकले. नंतर तिला सांगावंच लागलं नाही, कारण त्याच्या आईचं काम त्याने लहानपणी पाहिलेलं होतं. मी रडले नाही एवढंच.

सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेवढ्यात लिंपण वाळलं. मंगळवारी समितीतल्या एका बाईंनी मला वाजवून पाहिलं आणि ही तर धडधाकट आहे म्हणून यादीतून माझं नाव खोडलं. मी वाचले. व्यवस्थापकांनी मात्र क्यामेरा तपासला आणि सावळेरामच्या हातात कागद दिला: वस्तूची मूळ अवस्था बिघडवल्याबद्दल शनिवारपर्यंत लेखी खुलासा करावा, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल. साबणाने धुतलं तेव्हा मूळ अवस्था बिघडली नव्हती म्हणे. तो खुलासा कुणी मागितला नाही.

सावळेराम दुपारी माझ्याशेजारी बसून लिहितो, खोडतो, कागद चुरगळतो. आपण काय गुन्हा केला, तेच त्याला उमगत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असा उपदेश तुम्ही पुष्कळ ऐकला असेल. मला तुमच्याकडून एवढंच हवं आहे. शनिवारच्या आत हा जिना चढून या. दाराशी अभिप्रायाची वही आहे, तिची पानं कोरी पडली आहेत. आपलं नाव, गाव घाला आणि खाली ठळक अक्षरात लिहा: सावळेरामने केलं ते बरोबर केलं.