खलित्याची मागची बाजू

रविकांत दातारला आखातातल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष व्हायचं होतं. इतकं, की मंगफच्या फ्लॅटमध्ये दाढी करताना तो आरशाला आभाराचं भाषण ऐकवायचा. आड येत होते ते एकटे विश्वासराव. अठ्ठ्याण्णवच्या निवडणुकीतही म्हातारा उभाच. आता ह्याच विश्वासरावांनी रविकांतला व्हिसा मिळवून दिलेला, बायकोच्या, चारुशीलाच्या, बाळंतपणात पंधरा दिवस घरी डबा पाठवलेला. त्यामुळे त्यांच्याविरुद्ध कार्यकारिणीला धाडलेलं पत्र साहजिकच निनावी होतं. आधी हाताने कच्चं लिहून मग व्यवस्थित टाइप केलेलं.

मतदान होतं नाटकानंतर लगेच. नाटक विश्वासरावांनीच लिहिलेलं, जुन्या रोममधलं: चहाड्या करून वर चढलेला एक मंत्री, आणि शेवटी भर सभेत वाचला जाणारा सम्राटाचा खलिता. आधी तोंडभर स्तुती, मग अटक. मंत्री अर्थात रविकांत.

खलिता वाचणार फारूक, जहरा गावातला किराणावाला, मूळचा दापोलीचा. "पाठांतर आपल्याला जमत नाय, रविभाऊ. कागद द्या, घडाघडा वाचतो!"

कागद चारुशीलाने केला. दातारांच्या घरात एका बाजूने कोरा कागद टाकायची बंदी होती. अशा कागदांचा गठ्ठा टीव्हीखाली असायचा. तिने वरचा उचलला, कोऱ्या बाजूवर खलिता लिहिला, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला, गुंडाळी करून फीत बांधली. उलटून बघायला वेळ कुणाला!

शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये सगळं रोम चादरी आणि सेफ्टी पिना लावून उभं होतं. फारूकने गुंडाळी सोडली.

"माननीय कार्यकारिणी! विश्वासरावांचे मंडळावर अनंत उपकार आहेत."

टाळ्या पडल्या. चादरीतल्या रविकांतने वाक्य ओळखलं.

"परंतु हल्ली त्यांना काही आठवत नाही. गणपतीत एकच आरती दोनदा म्हणवली. पत्नी गेल्यापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नाही. आता तरुण, कर्तबगार माणूस हवा. उदाहरणार्थ, रविकांत दातार..." फारूक अडखळला. "हे काय ओ? अक्षर तर तुमचंच, रविभाऊ!"

हॉल खो खो हसला. पहिल्या रांगेतली कार्यकारिणी मात्र हसेना. त्यांनी हे पत्र आधी वाचलं होतं.

फारूकने घाईघाईने कागद उलटला आणि अटकेचा हुकूम वाचला. दोन शिपायांनी रविकांतला धरलं. आता त्याचं वाक्य. विंगेतून विश्वासराव ते पुरवत होते. वही त्यांच्या मांडीवर मिटलेली. अख्खं नाटक म्हाताऱ्याला तोंडपाठ.

"मी निरपराध आहे."

रविकांतने विंगेकडे मान वळवली.

"मी निरपराध आहे," विश्वासराव पुन्हा म्हणाले. मग अगदी हळू, "म्हण रे रवी. लोक खोळंबलेत."

"नाही म्हणता येत, काका."

माइकने इमानदारीने ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलं. वाक्य झाल्याशिवाय ओढायचं नाही, असं शिपायांना बजावलेलं. ते नुसतेच दंड धरून उभे राहिले. शेवटी विश्वासरावांनी पडदा ओढायला सांगितलं. तो निम्म्यात अडकला, आणि रविकांत नेमका उघड्या निम्म्यात.

मतदान झालं. पिना टोचत असताना रविकांतने मान खाली घालून विश्वासरावांच्या नावापुढे खूण केली. मोजणीत सगळी मतं विश्वासरावांना. एक सोडून. ते रविकांतला.

त्याने चारुशीलाकडे बघितलं.

"माझं नाही," ती म्हणाली, आणि विश्वासरावांकडे बघू लागली.