कोंडीबामामांच्या मागून

“साहेब, ती तोफ छातीशी धरा. वाकला की गवतात घासतीया,” कोंडीबामामा मागे न बघताच म्हणाले. सगळे हसले. शरणबसव यांनी कॅमेऱ्याची लांब नळी उचलून धरली.

मे महिन्यातला रविवार, सकाळचे सव्वासहा. होटगीच्या पुढच्या माळावर सोलापूरहून पक्षी बघायला आलेली पाच माणसं एका रांगेत चालली होती. या दिवसांत माळावरचे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, ठिपक्यांची, मुरमाच्या रंगाची. म्हणून नियम एकच होता : पुढे मामा, आणि ते पाऊल टाकतील तिथंच मागच्यांनी टाकायचं.

मामांनी चाळीस वर्षं इथं मेंढरं राखली. तीन वर्षांपूर्वी ती विकली. मुलगा चिंचोळी एमआयडीसीत लागला. त्यानंतर रविवारची ही पुढची जागा तेवढी त्यांची उरली. शनिवारीच ते वहाणा धुऊन उंबऱ्याशी ठेवतात, असं सूनबाईंनी एकदा हसत सांगितलं होतं.

त्यांच्या लगेच मागे अंकिता असे. ती प्राणिशास्त्र शिकलेली. घरट्यांच्या नोंदींची वही तिच्याकडे. एक गोष्ट मात्र तिनं वहीत लिहिली नव्हती. ओरडणारा पक्षी मामांना अजून शंभर पावलांवरून कळे, पण गप्प बसलेला हल्ली निसटत होता. मामांच्या दोन्ही डोळ्यांत पांढुरकी झाक आली होती. दुसरा कुणी वाटाड्या बघू या का, असं गेल्या महिन्यात एकानं सुचवलं, तेव्हा तिनं विषय बदलला होता.

आता समोर चार पावलांवर एक धाविक पक्षी बसल्या जागेवरून उठला. टिटवी असती तर तिनं माळ डोक्यावर घेतला असता. धाविक मान खाली घालून, आवाज न करता पळाला. अंकिताला तो दिसला. मामा थांबले नाहीत. तिनं हाक मारायला तोंड उघडलं, पण सगळ्यांसमोर कसं सांगायचं? बाजूनं जातील, असं तिला वाटलं.

फार बारीक आवाज झाला.

“कुनी हलू नका,” मामा म्हणाले. ते खाली बसले आणि बोटांनी जमीन चाचपू लागले. वहाणेला ओलं लागलं होतं. शेजारचं अंडं शाबूत होतं. त्यावरून त्यांचा हात हलकेच फिरला.

अंकितानं वही काढली. “अंडी, एक,” ती पुटपुटली.

“दोन होती. एक कोंडीबाच्या पायाखाली गेलं. तसंच लिही.”

तिनं तसंच लिहिलं. मग खाली वाकून, फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मामा, पक्षी मला दिसला होता.”

“तुजा श्वास अडकला तवाच कळलं, कायतरी हाय म्हणून. बोलायचं की पोरी.” त्यांनी गुडघ्यावर हात टेकला. “चला, निघा हितनं. ऊन चढायच्या आत पाखराला परत येऊन बसू दे, न्हायतर हे अंडं बी जाईल. तू हो फुडं.”

अंकिता पुढे झाली. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी ती जमीन नीट न्याहाळत होती. मामा बाजूला सरकून उभे राहिले, चौघांना जाऊ दिलं आणि शेवटी रांगेला लागले.

बांधाशी पोहोचल्यावर तिनं वळून पाहिलं. वहाणा हातात घेऊन मामा अनवाणी येत होते. धुळीत उमटलेला पुढच्याचा ठसा अंगठ्यानं चाचपायचा, सापडला की त्यातच पाय ठेवायचा.

ते पोहोचेपर्यंत सगळे बांधाशी थांबले. शरणबसव यांनी कॅमेरा अजून छातीशी धरला होता.