पलीकडच्याचा आकडा

अगं, आधी ऐक तर! मधे बोलू नकोस, नाहीतर मी रडेन.

मी जनावरांच्या रक्ताच्या लॅबमध्ये आहे ना, तिथे एक पद्धत आहे. दर आठवड्याला एकाच जनावराचं रक्त दोन नळ्यांत वाटायचं. एक आपल्याकडे, एक शहराच्या त्या टोकाच्या लॅबकडे. दोघांनी आपापलं तपासायचं आणि आकडे थेट आमच्या मॅडमना कळवायचे. जुळले तर दोन्ही मशीनं शहाणी. तोवर एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही, बोललं की तपासणीच खोटी!

तर तिकडे तो. नाव माहीत नाही, आम्ही 'पलीकडचा' म्हणतो. नळी त्याने पाठवायची असली की वर चिठ्ठी चिकटवायचा. 'बाईसाहेब चावतात.' 'मालक रडके, मांजर खंबीर.' मग मीही सुरू केलं. एकदा लिहिलं, 'घोडा गुणी आहे, पण गाणं म्हणावं लागतं.' पुढच्या नळीवर उत्तर आलं, 'कोणतं?' बस्स, एवढंच! आणि मी दिवसभर हवेत. हसू नकोस! आत्या म्हणते, "रक्ताची नाती ऐकली होती बाई, रक्ताच्या नळीवरून जमलेलं पहिल्यांदाच बघतेय." ना चेहरा पाहिला, ना आवाज ऐकला, आणि मी मेली कुरिअरवाल्याचा हॉर्न ओळखायला शिकले.

आणि परवा दुपारी लॅबचा फोन वाजला.

"घोड्याला गाणं म्हणणाऱ्या तुम्हीच ना?"

तोच गं! जरा बसका आवाज. मी खाली बसायला गेले, तर खुर्ची दुसरीकडेच.

"तुम्ही फोन करायचा नसतो," मी म्हटलं. वर्षभर वाट बघून पहिलं वाक्य काय, तर हे!

"माहितीये. पण आमचं मशीन सकाळपासून वेड्यासारखं करतंय. कंट्रोलचं रक्त, ज्याचा आकडा आधीच ठाऊक असतो, त्याचाही चुकवतंय. आजचं मांजर जुळलं नाही तर इथलं रक्ताचं काम बंद. मला कुठेतरी पाठवून देतील. प्लेटलेट्स किती आल्या, तेवढंच सांगा."

"मशीन बिघडलंय म्हणून सांगून टाका ना."

"सांगितलं तरी बंदच. आधीही एकदा आमचे आकडे जुळले नव्हते." आणि मग म्हणाला, "मला तुमच्या नळ्या येत राहायला हव्यात हो."

आकडा समोर स्क्रीनवर होता. एक आकडा गं! पण खोटं जुळवलं की ते मशीन उद्याही चालणार, आणि कुणाचं तरी मांजर चुकीच्या आकड्यावर ऑपरेशनला जाणार.

"नाही सांगता येणार," मी म्हटलं.

"बरोबर आहे तुमचं," म्हणाला आणि हळूच फोन ठेवला. चिडला असता तर बरं झालं असतं!

आकडे आले, जमीन-अस्मानाचा फरक. तिथलं काम बंद. मॅडमना फोनचं बोलले नाही, फक्त तुला सांगतेय. आज धीर करून तिकडे फोन लावला, तर कुणी बाई. "तो गेला. कुठे, काय माहीत. तुम्ही कोण त्याच्या?"

कोण मी त्याची? ठेवून दिला.

आता मांजराची नळी हातात आली की वाटतं, बरोबर केलं. आणि लॅबचा फोन वाजला की सगळ्यांच्या आधी मी धावते. खरं सांग हं, मला बरं वाटावं म्हणून नको. तू असतीस तर सांगितला असतास आकडा?